सहाय्यक प्रशिक्षक कुठून आले आहेत? अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसकडे निघालेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या टेनिस संघाकडून लेकीला पहिला ईमेल आला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मिळून तिथल्या हेड कोचची माहिती वाचून काढली. ते कुठे खेळले, किती लढती जिंकल्या, संघाला कुठवर नेलं, सगळं पाठ झालं. ईमेलखाली सही मात्र दुसऱ्याच माणसाची होती. तो सहाय्यक प्रशिक्षक. त्याची माहिती वाचावी हे आमच्या मनातही आलं नाही. पुढचे सात महिने तिच्याशी बोलला तो हाच. तिचे व्हिडिओ यानेच पाहिले, बॅकहँड स्लाइस मारताना खांदा लवकर उघडतो हेही यानेच सांगितलं. आणि ऑगस्टमध्ये ती दोन बॅगा घेऊन तिथे पोचली, तेव्हा तो तिथे नव्हता. त्याचं मास्टर्स मे महिन्यात संपलं होतं आणि तो दुसऱ्या राज्यात नोकरीला लागला होता.

त्याने काही लपवलं नव्हतं. संघाच्या पानावर त्याच्या नावाखाली ‘ग्रॅज्युएट असिस्टंट, दुसरं वर्ष’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्हाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यानंतर मी अशी शेकड्यांनी पानं वाचली, ओळखीच्या मुलामुलींसाठी वाचून दिली. ती कशी वाचायची ते इथे क्रमाने सांगते.

आधी एवढं समजून घ्या: हेड कोच एक, कोर्ट सहा

आपल्याकडे ज्युनिअर स्पर्धा खेळलेल्या मुलांना एकट्याने खेळायची सवय असते. कॉलेज टेनिस सांघिक आहे. दोन कॉलेजांच्या लढतीला ड्युअल मॅच म्हणतात. एनसीएए ही तिथल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिच्या कॉलेजांचे वन, टू, थ्री असे तीन गट म्हणजे डिव्हिजन आहेत. त्यातल्या डिव्हिजन वनमध्ये आधी तीन डबल्स सामने शेजारशेजारच्या कोर्टवर एकाच वेळी सुरू होतात, प्रत्येकी सहा गेमचा एकच सेट. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. मग सहा सिंगल्स, प्रत्येक सामन्याला एक गुण. संघातल्या सर्वांत भारी खेळाडूपासून एक ते सहा असे नंबर लावलेले असतात. एकूण गुण ७, त्यातले ४ आधी मिळवेल तो संघ जिंकतो. ड्यूसनंतर ॲडव्हांटेज नसतं. चाळीस-चाळीस झालं की पुढचा एकच पॉइंट गेम ठरवतो.

या सामन्यांत दोन पॉइंटच्या मधे आणि बाजू बदलताना प्रशिक्षकाला खेळाडूशी बोलता येतं. सहा कोर्टवर सहाजणी खेळत असताना हेड कोच एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. उरलेली कोर्ट सहाय्यकांच्या वाट्याला येतात. नवीन आलेली मुलगी बहुधा पाचव्या-सहाव्या नंबरवर खेळते किंवा डबल्सच्या तिसऱ्या जोडीत असते, म्हणजे तिच्या बाकाशेजारी येऊन बसणारा माणूस बहुतेक वेळा सहाय्यकच. सरावातही तेच. हंगाम चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि दिवसाला ४ तास अशी सरावाची मर्यादा आहे. त्यातला बास्केटमधून बॉल देऊन एकेक फटका घोटून घ्यायचा वेळ बराचसा सहाय्यकाच्या हाताखाली जातो. या माणसाच्या हातात आपण मूल चार वर्षांसाठी सोपवतो आहोत, हे मनात ठेवून पुढे वाचा.

पहिली पायरी: हुद्द्याचा अर्थ लावा

संघाच्या पानावर हेड कोचच्या खाली दोन-तीन नावं असतात आणि प्रत्येकापुढे वेगळा हुद्दा. आपल्याला ते सगळे ‘असिस्टंट’च वाटतात, पण त्यांत पुष्कळ अंतर आहे.

असोसिएट हेड कोच हा सहाय्यकांमधला ज्येष्ठ. बहुधा बरीच वर्षं काढलेला असतो आणि हेड कोच गेला तर जागेवर सर्वांत आधी त्याचं नाव येतं. नुसता असिस्टंट कोच हा पूर्णवेळ पगारी नोकर, पण अनेकदा कारकिर्दीच्या सुरुवातीचा.

ग्रॅज्युएट असिस्टंट हा स्वतः विद्यार्थी असतो. तो त्याच कॉलेजात मास्टर्स करतो, त्याची फी पूर्ण किंवा अर्धी माफ होते, थोडा स्टायपेंड मिळतो आणि त्या बदल्यात तो संघ सांभाळतो. हे पद मुख्यतः डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री आणि एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेतल्या कॉलेजांत दिसतं. मास्टर्स साधारण दोन वर्षांचं, म्हणून हाही साधारण दोन वर्षांचा. तुमच्याशी बोलणारा ग्रॅज्युएट असिस्टंट दुसऱ्या वर्षाला असेल आणि तुमचं मूल पुढच्या ऑगस्टला जाणार असेल, तर दोघांची गाठ पडणार नाही. हा हिशोब बोटांवर होतो. आम्ही केला नाही.

जुन्या माहितीत ‘व्हॉलंटिअर असिस्टंट’ असा हुद्दा दिसेल. डिव्हिजन वनमध्ये एक प्रशिक्षक बिनपगारी ठेवता येत असे आणि त्याला कॉलेजबाहेर जाऊन खेळाडू निवडायची मुभा नव्हती. १ जुलै २०२३ पासून तो प्रकार बंद झाला आणि त्या जागेवरच्या माणसालाही पगार देता येऊ लागला. पण कुणाच्या इतिहासात अशी दोन-तीन वर्षं दिसली तर तिथे जरा थांबा. त्या माणसाने सकाळ-संध्याकाळ क्लबमध्ये शिकवण्या घेऊन घरभाडं भरलं आणि दुपारी फुकट कोर्टवर उभा राहिला. मला ती ओळ वाचली की त्या माणसाबद्दल आदर वाटतो, आणि आजवर तो बहुतेक वेळा योग्य ठरला आहे.

डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स हे पद प्रवास, हॉटेल, कागदपत्रं यांचं. ते प्रशिक्षक नसतात. आणि छोट्या कॉलेजांत एकच हेड कोच मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ बघतो. तिथे हाताखालचा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे निम्मा संघच त्याच्या भरवशावर. व्हॅन चालवणं, रॅकेटचं स्ट्रिंगिंग, दुपारच्या जेवणाच्या ऑर्डरी, सगळं तोच करतो.

दुसरी पायरी: वर्षं वहीत मांडा

प्रशिक्षकांची माहिती उलट्या क्रमाने लिहिलेली असते आणि तिच्यात यशाच्या गोष्टी पुढे असतात. ती जशी आहे तशी वाचली की सगळेच थोर वाटतात. म्हणून वहीचं पान घ्या, तीन रकाने पाडा: साल, कॉलेज, काम. अगदी सुरुवातीपासून आजवर सरळ क्रमाने भरा.

एक उदाहरण देते. ब्रूस बर्क हे मिशिगन विद्यापीठाचे अनेक वर्षं हेड कोच होते. पुढे ते टेक्सास विद्यापीठात असोसिएट हेड कोच म्हणून गेले. नुसतं वाचलं तर वाटेल, माणूस खाली उतरला. मार्च २०१९ मध्ये, ऐन हंगामात, टेक्सासच्या हेड कोचला पैसे घेऊन कॉलेजात प्रवेश मिळवून देण्याच्या घोटाळ्यामुळे काढलं गेलं आणि संघ बर्क यांच्या हाती आला. मे महिन्यात ऑरलँडोला अंतिम लढतीत वेक फॉरेस्टला ४-१ असं हरवून टेक्सासने पुरुषांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दोन महिन्यांत संघ सावरायला लागणारा अनुभव त्या ‘खाली उतरलेल्या’ माणसाकडे आधीपासून होता. त्यामुळे सहाय्यकाच्या इतिहासात पूर्वी हेड कोच असल्याची नोंद दिसली तर ती कमीपणाची समजू नका. अशी माणसं संघात असणं ही मोठी शिदोरी आहे.

वर्षं मांडली की दुसराही फायदा होतो: दावे पडताळता येतात. ‘तीन ऑल-अमेरिकन (म्हणजे देशातल्या सर्वोत्तमांत गणलेल्या) खेळाडूंना मार्गदर्शन केलं’ असं लिहिलेलं असतं. कॉलेजच्या संकेतस्थळावर मागच्या हंगामांचे संघ जपून ठेवलेले असतात, हंगाम बदलून बघता येतो. ते खेळाडू कधी आले, हा प्रशिक्षक कधी आला? खेळाडू आधीच त्या दर्जाचे असतील आणि प्रशिक्षक त्यांच्या शेवटच्या वर्षात आला असेल, तर वाक्य खरं असूनही त्याचं वजन कमी होतं. उलट पाचव्या नंबरवर आलेली मुलगी तिसऱ्या वर्षी दुसऱ्या नंबरवर पोचली आणि ती तिन्ही वर्षं हाच सहाय्यक तिथे होता असं दिसलं, तर ते कुठल्याही पुरस्काराहून मोलाचं आहे. हे कुणी माहितीत लिहीत नाही, ते आपण शोधायचं.

तीन वर्षांत तीन कॉलेजं दिसली तरी लगेच फुली मारू नका. सुरुवातीच्या जागा वर्षा-दोन वर्षांच्या असतात. पंधरा वर्षांच्या अनुभवानंतरही दर वर्षी बूड हलत असेल, तर मात्र विचारा.

तिसरी पायरी: माणूस कुठल्या मुशीतला आहे ते ओळखा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे वेळ द्या.

काही सहाय्यक त्याच कॉलेजचे माजी खेळाडू असतात. जॉर्जिया विद्यापीठ याचं ठळक उदाहरण. तिथे डॅन मॅगिल यांनी तीन दशकांहून अधिक काळ पुरुषांचा संघ सांभाळला. त्यांच्या हाताखाली खेळलेले पोर्टो रिकोचे मॅन्युएल डियाझ आधी त्यांचे सहाय्यक झाले आणि १९८८ साली हेड कोच. डियाझ २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा घेतली जेमी हंट यांनी. तेही जॉर्जियाकडूनच खेळलेले आणि डियाझ यांचेच सहाय्यक. तिथल्या मुलींच्या संघाचे ड्रेक बर्नस्टाइन हेही जॉर्जियाच्या पुरुष संघातले खेळाडू. आधी जेफ वॉलेस यांचे सहाय्यक होते, मग हेड कोच झाले, आणि २०२५ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. स्टॅनफर्डमध्येही हेच: जॉन व्हिटलिंगर १९७४ चे एनसीएए सिंगल्स विजेते, मग डिक गुल्ड यांचे अनेक वर्षं सहाय्यक, मग हेड कोच.

अशा माणसाला त्या कॉलेजची खडान्‌खडा माहिती असते. कुठल्या प्राध्यापकाला सामन्यासाठी गैरहजर राहणं खपत नाही, वसतिगृहाचं कुठलं टोक सरावाला जवळ पडतं, हिवाळ्यात इनडोअर कोर्ट कुठल्या वेळेला मोकळं असतं. त्याचा जीव तिथे गुंतलेला असतो, तो सहज सोडून जात नाही. त्याची मर्यादाही इथेच आहे. त्याने एकच पद्धत पाहिलेली असते. तुमच्या मुलाचा खेळ त्या घराण्याच्या बाहेरचा असेल, समजा सर्व्ह करून नेटवर धावणारा, तर त्याला तो खेळ समजतो का हे बघावं लागतं.

दुसरे व्यावसायिक टूरवरून आलेले. बिली मार्टिन यांचं उदाहरण घ्या. १९७५ साली पहिल्याच वर्षात त्यांनी कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठासाठी एनसीएए सिंगल्स जिंकलं, टूरवर खेळले, मग तिथलेच हेड कोच ग्लेन बॅसेट यांच्या हाताखाली जवळपास दहा वर्षं सहाय्यक राहिले आणि त्यानंतर हेड कोच झाले. २००५ मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मधल्या दहा वर्षांकडे लक्ष द्या. टूरवर खेळणारा माणूस स्वतःचा खेळ जाणतो. अठरा वर्षांच्या, गृहपाठ राहिलेल्या, घरची आठवण येणाऱ्या मुलाला खेळवणं हे वेगळं काम आहे आणि ते शिकावं लागतं. म्हणून टूरवरचं क्रमवारीतलं स्थान वाचून हरखू नका. टूर सोडल्यानंतर त्याने किती हंगाम मुलांमध्ये काढले ते मोजा. मोठा फायदा सरावात: तो स्वतः समोर उभा राहून जड बॉल मारू शकतो. ज्यांना पदवीनंतर व्यावसायिक खेळायचं आहे, त्यांच्यासाठी असा एक माणूस संघात असणं फार चांगलं.

तिसरे छोट्या कॉलेजांतून पायरी पायरीने वर आलेले. आधी डिव्हिजन टू किंवा एनएआयएमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट, मग दुसरीकडे असिस्टंट, मग डिव्हिजन वन. यांच्या नावापुढे झगमगीत काही नसतं आणि पालक इथेच घाईने पान उलटतात. मला ही माणसं आवडतात. त्यांनी कमी पैशांत संघ चालवलेला असतो, एका हाताने बास्केट ओढत दुसऱ्या हाताने पंचांशी फोनवर बोललेले असतात. आणि छोटं कॉलेज म्हणजे हलकं टेनिस हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. जॉर्जिया ग्विनेट कॉलेज एनएआयएमध्ये वर्षानुवर्षं अव्वल ठरलं. मदुराईचा दक्षिणेश्वर सुरेश तिथूनच वेक फॉरेस्टला गेला आणि २०२५ मध्ये वेक फॉरेस्टने पुरुषांचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, तेव्हा तो त्या संघात होता.

चौथे परदेशी. युरोप, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आणि अधूनमधून आपल्याकडचेही. ते स्वतः विद्यार्थी व्हिसावर आलेले, खेळलेले आणि तिथेच राहिलेले. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) म्हणजे काय, बँक खातं कसं उघडायचं, पहिल्या हिवाळ्यात मन का खचतं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. खेळाडू शोधण्याचं काम बरेचदा अशांकडे असतं, कारण त्यांच्या ओळखी बाहेरच्या देशांत असतात. एक व्यावहारिक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: पदवीनंतर कामाची जी मुभा मिळते, ओपीटी, ती बहुतेक विषयांत १२ महिन्यांची असते. त्यानंतर कॉलेजने पुढचा व्हिसा करून दिला तरच तो राहतो. त्याच्या व्हिसाबद्दल थेट विचारणं असभ्य दिसतं. ‘पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही इथेच असाल का?’ एवढं विचारलं की पुरे, उत्तर देणारा बरोबर देतो.

पाचवे अकादमी आणि क्लबमधून आलेले. यांच्याकडे यूएसपीटीए किंवा पीटीआर या टेनिस शिकवणाऱ्यांच्या संस्थांचं प्रमाणपत्र असतं. यूएसपीटीए १९२७ पासूनची संस्था, आता तिचं नाव आरएसपीए झालं आहे. तंत्र दुरुस्त करण्यात ही माणसं तरबेज असतात, कारण त्यांनी दहा वर्षांच्या मुलापासून साठीच्या आजीपर्यंत सगळ्यांना शिकवलेलं असतं. ज्या मुलाची सर्व्हिस मुळातून बांधायची आहे, त्याला याहून चांगला माणूस नाही.

मुलीच्या आईवडिलांनी आणखी एक बघावं: प्रशिक्षकांमध्ये बाई आहे का. मुलींच्या अनेक संघांचे हेड कोच पुरुष आहेत आणि त्यांत चांगले पुष्कळ आहेत. तरी पोटात दुखतं म्हणून सराव अर्धा करायचा आहे, हे कुणाला सांगायचं हा प्रश्न सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला पडतो. स्टॅनफर्डच्या लेले फोरूड तिथल्याच माजी खेळाडू. फ्रँक ब्रेनन यांच्या सहाय्यक म्हणून त्यांनी काम केलं, २००० साली हेड कोच झाल्या आणि त्यांच्या काळात संघाने दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. अशा बाईंच्या हाताखाली सहाय्यक राहिलेली कुणी संघात असेल, तर त्या कॉलेजचं नाव यादीत वर घ्या.

चौथी पायरी: कुणाचा शिष्य, ते शोधा

गाण्यात आपण गुरू विचारतो, तसंच इथे. सोमदेव देववर्मनने २००७ आणि २००८ मध्ये लागोपाठ दोन वर्षं एनसीएए सिंगल्स जिंकलं ते व्हर्जिनिया विद्यापीठाकडून. २००७ च्या अंतिम फेरीत त्याने जॉर्जियाच्या जॉन इस्नरला हरवलं होतं. व्हर्जिनियाचे तेव्हाचे हेड कोच ब्रायन बोलंड. त्यांच्या हाताखालचे सहाय्यक पुढे कुठे गेले बघा: टोनी ब्रेस्की वेक फॉरेस्टला हेड कोच झाले आणि त्यांच्या संघाने २०१८ आणि २०२५ मध्ये विजेतेपद जिंकलं. ड्यूककडून खेळलेले आंद्रेस पेद्रोसो २०१३ च्या विजेत्या संघाचे सहाय्यक होते. बोलंड गेल्यावर २०१७ मध्ये तेच व्हर्जिनियाचे हेड कोच झाले आणि २०२२, २०२३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांनी मिळवली.

तुमच्या यादीतला सहाय्यक ज्याच्या हाताखाली शिकला, त्याचे बाकीचे सहाय्यक आज कुठे आहेत हे शोधायला अर्धा तास लागतो. ते सगळे आज आपापले संघ चालवत असतील, तर त्या गुरूने माणसं तयार केली आहेत. तुमच्या सहाय्यकालाही लवकरच बोलावणं येईल, हाही त्याचा अर्थ आहे. चांगला माणूस टिकत नाही म्हणून त्याला नाकारू नका, फक्त मनाची तयारी ठेवा.

पाचवी पायरी: एक लढत रात्री जागून बघा

बहुतेक संघ घरच्या लढती ऑनलाइन दाखवतात. फेब्रुवारीत अमेरिकेच्या मध्य भागात दुपारी एक वाजता लढत सुरू होते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. एक रात्र जागा. बॉलकडे बघू नका, जाळीजवळच्या बाकाकडे बघा.

मी अशी एक लढत बघितली ती अजून डोळ्यांसमोर आहे. पाचव्या कोर्टवर मुलगी पहिला सेट हरली होती, दुसऱ्यात १-३. बाजू बदलताना सहाय्यक आला, उकिडवा बसला, म्हणजे त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या खाली आले. ती टॉवेलमध्ये तोंड घालून बसली होती. तो काही बोलला नाही. तिने टॉवेल काढल्यावर त्याने स्वतःच्या तळहातावर बोटाने कोर्ट काढून एक कोपरा दाखवला. दहा सेकंद. ती उठली. त्याच लढतीत पलीकडच्या संघाचा सहाय्यक प्रत्येक पॉइंटनंतर जाळीबाहेरून ओरडत होता आणि त्याची मुलगी त्याच्याकडे बघणं टाळत होती. कुणाच्या माहितीत काय लिहिलं होतं ते मी नंतर वाचलं. उकिडवा बसणाऱ्याच्या नावावर एकही पुरस्कार नव्हता.

बघताना एवढं टिपून ठेवा: डबल्सच्या वेळी कोण कुठल्या कोर्टवर जातो, हरणाऱ्या खेळाडूकडे कोण जातो, आणि लढत संपल्यावर हरलेल्या मुलीजवळ कोण रेंगाळतो.

सहावी पायरी: फोनवर काय विचारायचं

डिव्हिजन वनचे प्रशिक्षक दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासूनच मुलाशी थेट ईमेल-फोन करू शकतात. त्याआधी उत्तर आलं नाही तर नाराज होऊ नका, तो नियम पाळतो आहे.

तिकडे ‘सर’ म्हणत नाहीत. ‘कोच’ आणि पुढे आडनाव. पहिल्या ईमेलपासून तसंच लिहावं. आणि फोनवर मुलाने बोलावं. मी पहिल्या दोन कॉलना लेकीच्या शेजारी बसून मधेमधे बोलले. तिसऱ्याला तिने मला स्वयंपाकघरात पाठवलं आणि तोच कॉल सर्वांत चांगला झाला.

मुलाने सहाय्यकाला विचारायचं ते असं: माझ्या नंबरच्या खेळाडूंचा सराव कोण घेतं? डबल्सच्या जोड्या कोण लावतं? तुम्ही आल्यापासून कुठल्या खेळाडूचा खेळ सर्वांत बदलला आणि कसा? या शेवटच्या प्रश्नावर जो माणूस खुलून, एका विशिष्ट मुलीची एक विशिष्ट सवय सांगू लागतो, तो कोर्टवर लक्ष देणारा आहे. जो संघाची क्रमवारी सांगतो, त्याच्याकडे कदाचित निवडीचं काम जास्त आहे आणि सरावाचं कमी. दोन्ही कामं लागतात, पण तुमच्या मुलाला कोण शिकवणार ते कळलं पाहिजे.

स्कॉलरशिपचे आकडे मात्र हेड कोचशीच बोला. सहाय्यक पैशांचा शब्द देत असेल तरी हेड कोचकडून लेखी येईपर्यंत तो शब्द धरू नका.

सातवी पायरी: जे जाऊन आले त्यांना विचारा

पुण्यातून गेलेली मुलं थोडी नाहीत. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, सिद्धांत बांठिया वेक फॉरेस्टकडून. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे २०२३ मध्ये हांगझोऊला रोहन बोपण्णाच्या जोडीने तिने एशियन गेम्समध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. प्रत्येक गावातल्या क्लबमध्ये आता असं कुणीतरी असतं, नाहीतर त्यांचा चुलतभाऊ असतो. तुमच्या यादीतल्या कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या खेळाडूला गाठा आणि एकच गोष्ट विचारा: दुखापत झाली तेव्हा सहाय्यक कसा वागला? खेळणाऱ्या मुलाशी सगळेच गोड असतात. सहा आठवडे कोर्टबाहेर बसलेल्या मुलाला कोण रोज विचारत होतं, यातून माणूस कळतो.

आणि तरीही तो सोडून गेला तर

२०२४ पर्यंत नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा करार असे. त्यात स्पष्ट म्हटलेलं असे की सही संस्थेशी आहे, कुठल्या प्रशिक्षकाशी नाही. तो करार आता बंद झाला, त्याच्या जागी आर्थिक मदतीचे करार आले, पण ती गोष्ट तशीच आहे. प्रशिक्षक गेला म्हणून करार मोडत नाही. ट्रान्सफर पोर्टलचा, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत नाव घालण्याचा, रस्ता आहे, पण पहिल्याच महिन्यात तिकडे धाव घेऊ नका.

लेकीने नव्या सहाय्यकाला पहिल्याच आठवड्यात एक छोटा ईमेल लिहिला. तो क्लबमध्ये शिकवून आलेला होता, कॉलेज संघात त्याचंही पहिलंच वर्ष. तिने लिहिलं: माझी दुसरी सर्व्हिस दडपणाखाली छोटी पडते. हरत असताना मला खूप बोललेलं चालत नाही. बाजू बदलताना मला आधी पाणी पिऊ द्या, मग एकच गोष्ट सांगा.

फेब्रुवारीतली तिची पहिली ड्युअल मॅच आम्ही रात्री बघत होतो. सहाव्या कोर्टचा कॅमेरा लांब होता, चेहरे नीट दिसत नव्हते. ती बाकावर बसली, बाटली उचलली. तो दोन पावलं मागे उभा होता. तिने बाटली खाली ठेवली, टोपण लावलं. मग तो पुढे आला.